कलम २५ आणि कोय कलम

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात एकाच आठवड्यात एक इंग्रजी शब्द तीन ठिकाणी मराठीत उतरला आणि तिन्ही ठिकाणी आपटला. रविवारच्या बागकामाच्या पानावर ‘वनस्पतींचा प्रचार कसा करावा’ असा मथळा होता. बुधवारच्या शेतीच्या बातमीत ‘नोंदणीकृत वाणाचे प्रचार साहित्य निकृष्ट निघाल्यास शेतकरी भरपाई मागू शकतो’ असे वाक्य होते. ते वाचून कोणालाही वाटेल की उमेदवाराची पत्रके पातळ कागदावर छापली तर शेतकऱ्याने दाद मागावी. शुक्रवारी संपादकीय पानावरच्या लेखाने घटनेने दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क दिला आहे असे सांगितले, आणि त्याखालच्या वाचकाच्या पत्राने घटनेने धर्मांतराला बंदी केली आहे असे तितक्याच ठामपणे बजावले. या सगळ्यांच्या मुळाशी शब्द एकच होता, ‘प्रॉपगेट’, म्हणजे पसरवणे किंवा वाढवणे.

मराठीत त्याला एक शब्द नाही, आणि ही उणीव मुळीच नाही. प्रचार, प्रसार, अभिवृद्धी, बेणे, फैलाव, संचरण असे निदान सहा शब्द आपल्याकडे वापरात आहेत, आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. त्यांची अदलाबदल झाली की कुठे हक्क बदलतो, कुठे भरपाई बुडते, कुठे रोप मरते.

आधी या शब्दाचे मूळ पाहू, कारण ते न्यायालयातही नाही आणि चर्चमध्येही नाही. ते द्राक्षमळ्यात आहे. लॅटिनमध्ये ‘प्रोपागो’ म्हणजे नवी वेल धरण्यासाठी मातीत दाबलेली वेलीची फांदी. आपण ज्याला दाब कलम म्हणतो, तेच. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या केटो या रोमन लेखकाने त्याची कृतीही दिली आहे. मडक्याच्या बुडाला भोक पाडावे, त्यातून झाडाची फांदी वर ओढावी, मडक्यात माती घट्ट दाबून ते झाडावरच ठेवावे, आणि दोन वर्षांनी फांदी मडक्याखाली कापावी. कोकणातला कोणताही माळी हे ऐकून म्हणेल, अहो, ही तर गुटी!

आज गुटीला दोन वर्षे लागत नाहीत, डाळिंबाला महिना-दीड महिना पुरतो. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षभराची निरोगी फांदी निवडतात. तिच्यावर अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल कापून काढतात. साल निघाल्यावर आतल्या लाकडावर एक बुळबुळीत थर राहतो, तो सुरीच्या पाठीने खरवडून कोरडा करावा लागतो. बहुतेकांची गुटी इथेच फसते. पाने तयार करतात ते अन्न सालीतून खाली उतरते. साल तोडली की ते वरच्या कडेशी अडते, आणि तिथेच मुळ्या फुटतात. बुळबुळीत थर राहिला तर झाड काही दिवसांत सालीचा पूल बांधून घेते, अन्न पुन्हा खाली वाहू लागते, आणि महिन्याने प्लॅस्टिक सोडले की आत फक्त सुजलेली फांदी दिसते. पाणी लाकडातून वर चढत असल्यामुळे साल काढूनही फांदी सुकत नाही. वरच्या कडेला आयबीए हे मुळ्या फुटण्याचे संजीवक लावतात, भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ भोवती बांधतात, आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके आवळतात. वरचे टोक सैल राहिले तर पावसाचे पाणी आत शिरते आणि शेवाळ कुजते. मुळ्या पांढऱ्याच्या तपकिरी झाल्या की फांदी एकदम तोडायची नाही. आधी अर्धा काप घ्यायचा आणि आठवड्याने पुरती कापायची, नाहीतर नव्या मुळ्यांना पानांची तहान भागवता येत नाही.

या कृतीला मराठी कृषी विद्यापीठे ‘अभिवृद्धी’ म्हणतात. मूळ झाड जागेवर राहते, तरी त्याचेच दुसरे झाड उभे राहते. हा अर्थ लक्षात असू द्यावा, पुढे न्यायालयात तोच वाकडा होऊन समोर येतो.

द्राक्षमळ्यातला हा शब्द धर्मात आला तो रोममधून. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी मिशन-कार्यासाठी एक खाते स्थापन केले, त्याचे नाव ‘प्रोपगांडा फिदे’, म्हणजे श्रद्धेची अभिवृद्धी करणारे खाते. आज ‘प्रोपगंडा’ म्हटले की खोटारडेपणाच मनात येतो, पण तो डाग पहिल्या महायुद्धाच्या काळात लागला. त्याआधी तो एका खात्याचा सरळ पत्ता होता, आणि मुंबईला तो चांगलाच ठाऊक होता. गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखालचे, पोर्तुगीज राजाच्या ‘पाद्रोआदो’, म्हणजे धर्माधिकारी नेमण्याच्या, हक्काचे पाद्री इंग्रजांना मुंबईत नको होते. म्हणून १७२० मध्ये त्यांना बाहेर काढून रोमच्या प्रोपगांडा खात्याने नेमलेले कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले गेले. पुढे वाद इतका वाढला की १७९४ मध्ये चर्चेस वाटून दिली गेली. माझगावचे ग्लोरिया चर्च आणि दादरचे साल्वेशन चर्च पाद्रोआदोकडे गेले. भुलेश्वर-कावेलचे एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकल्स प्रोपगांडाकडे राहिले. एकाच शहरात, एकाच धर्माच्या लोकांवर दोन अधिकाऱ्यांची सत्ता! १८५३ मध्ये माहीमच्या चर्चचा ताबा राखण्यासाठी प्रोपगांडाचे बिशप हार्टमन स्वतः आत ठाण मांडून बसले आणि बाहेर विरुद्ध पक्षाने वेढा दिला. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. ही दुहेरी व्यवस्था १९२८ च्या करारानंतर संपली, आणि १९६७ मध्ये रोमने खात्याचे नावच बदलले. ज्या साल्वेशन चर्चला आजही दादरकर ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून बसचा थांबा सांगतात, त्या नावात हीच वाटणी शिल्लक आहे.

श्रद्धा पसरवायची तर ती एका केंद्रातून, नकाशावर हद्दी आखून, असा जो अर्थ प्रोपगांडा शब्दात आहे तो सर्व धर्मांना लागू पडत नाही. ‘प्रचार’ या शब्दात ‘चर्’ धातू आहे, म्हणजे चालणे. बुद्धाने पहिल्या साठ भिक्खूंना दिलेला आदेश ‘चरथ भिक्खवे चारिकं’ असा आहे, बहुजनांच्या हितासाठी फिरा, आणि एका वाटेने दोघे जाऊ नका. इथे केंद्रही नाही आणि हद्दही नाही, नुसती पावले आहेत. जुन्या मराठीत ‘हा शब्द प्रचारात आहे’ म्हणजे लोकांत फिरतो आहे एवढाच अर्थ होता. प्रचाराला आजचा मतांचा वास निवडणुकांनी लावला. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, हे कायद्याने ठरलेले आहे. म्हणजे त्याला सुरुवात, शेवट आणि हिशेब असतो. आंब्याच्या कोय कलमाला आचारसंहिता लागू होत नाही.

बौद्ध धर्माने दुसरीही रीत वापरली, आणि ती अक्षरशः माळ्याची होती. बोधगयेच्या पिंपळाची फांदी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात संघमित्रेने श्रीलंकेत अनुराधपूरला नेली असे सिंहली परंपरा सांगते. ते झाड अजून उभे आहे, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्याच्याच फांदीपासून आलेला. मुंबईत मात्र हाच पिंपळ कोणी न लावता चाळीच्या भिंतीत, गटाराच्या नळाच्या सांध्यात उगवतो. फळे पक्षी खातात, आणि बी विष्ठेसह फटीत पडते. पहिल्या पिंपळामागे माणसाची श्रद्धा होती, दुसऱ्यामागे बुलबुलाची भूक. भिंतीतला पिंपळ तोडायचा झाला तरी १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यामुळे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, हे गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना वेगळे सांगायला नको.

आता घटना. अनुच्छेद २५ मध्ये सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. ‘सर्व व्यक्ती’ हे शब्द महत्त्वाचे, कारण भाषणस्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे, पण धर्माचे स्वातंत्र्य परदेशी माणसालाही आहे. घटनेच्या हिंदी पाठात या जागी ‘प्रचार’ आहे, मराठी पाठात ‘प्रसार’. मराठी अनुवादकांनी निवडलेला शब्द आम्हाला अधिक नेमका वाटतो. प्रसारात माणूस फिरो न फिरो, विचार पसरतो.

या शब्दावर घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ रोजी खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्र यांना तो काढून टाकायचा होता. मुंबईचे कन्हैयालाल मुनशी यांनी बाजू मांडली ती अशी: भाषणस्वातंत्र्य असताना आपला धर्म दुसऱ्याला पटवून देण्याचा मार्ग कोणालाही मोकळा असणारच, आणि हा शब्द ख्रिस्ती समाजाला त्याच्या धर्माचा गाभा वाटतो. शब्द राहिला. १९५४ मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संरक्षण मिळते ते श्रद्धेच्या प्रसाराला, मग तो चर्चमध्ये होवो, मठात, देवळात किंवा घरच्या बैठकीत. दिवाणखान्यातला सत्संग आणि मैदानातले प्रवचन या बाबतीत सारखे.

खरा पेच पडला १९७७ साली. मध्य प्रदेशाचा १९६८ चा आणि ओरिसाचा १९६७ चा असे दोन कायदे सर्वोच्च न्यायालयापुढे होते. बळजबरीने, फसवणुकीने किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराला त्यांनी शिक्षा ठेवली होती. एका कायद्याला उच्च न्यायालयाने मान्यता दिली होती, दुसरा रद्दबातल ठरवला होता. रेव्हरंड स्टॅनिस्लाउस खटल्यात सरन्यायाधीश ए. एन. रे यांच्या पाच जणांच्या पीठाने दोन्ही कायदे वैध ठरवले. न्यायालयाने ‘प्रॉपगेट’चा अर्थ कुठून काढला? इंग्रजी शब्दकोशातून. कोशात दोन कुळांचे अर्थ होते. एक वंश वाढवणे, म्हणजे आपल्यासारखेच दुसरे निर्माण करणे. दुसरे पसरवणे, म्हणजे माणसाकडून माणसाकडे पोहोचवणे. न्यायालयाने दुसरा घेतला. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून ती पसरवणे हा हक्क. दुसऱ्याला मुद्दाम आपल्या धर्मात आणणे हा मूलभूत हक्क नव्हे, कारण त्याने त्या दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याला धक्का लागतो. ही सगळी त्या निकालातली भूमिका.

माळ्याच्या भाषेत न्यायालयाने बी पेरायला परवानगी दिली, कलम बांधायला नाही. आणि मुंबईचेच होरमसजी सिरवई, १९५७ ते १९७४ या काळातले आधी मुंबई राज्याचे व मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता, यांनी या निकालावर कडाडून टीका केली ती याच ठिकाणी. समोरच्याने पटल्यावर धर्म बदलला तर तो त्याच्याच विवेकाचा वापर आहे, मग प्रसाराचा हक्क आणि विवेकाचे स्वातंत्र्य यांच्यात भांडण कसले, असा त्यांचा सूर होता. आम्हाला सिरवईंचे म्हणणे अधिक पटते. पण निकाल आजही उभा आहे, आणि वृत्तपत्राने निकाल काय म्हणतो ते छापायला हवे. त्या निकालातून एवढेच निघते: दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही. स्वतःचा धर्म स्वतःच्या मर्जीने बदलायला घटनेत बंदी नाही. शुक्रवारचा आपला लेख पहिले विसरला, पत्रलेखक दुसरे.

धर्म वाढतो तो केवळ पटवण्यानेच, असेही नाही. पेटिट विरुद्ध जिजीभॉय या १९०८ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या दावर आणि बीमन या न्यायमूर्तींपुढे प्रश्न होता, पारशी गृहस्थाशी लग्न करून झरथुष्ट्री धर्म स्वीकारलेल्या फ्रेंच बाईचा पारशी पंचायतीच्या निधींवर हक्क आहे का. धर्म स्वीकारता येईल, पण त्यामुळे माणूस पारशी होत नाही, कारण भारतातल्या पारशांत ती रूढी नाही, असा न्यायालयाचा रोख होता. इथे धर्म आणि वंश हे दोन धागे वेगळे केले आहेत. कोशातला पहिला अर्थ, वंशवृद्धीचा, तो इथे दुसऱ्या अर्थाच्या वाटेत आडवा येतो.

महाराष्ट्राच्या एका कायद्याने तर या शब्दाची स्वतःची व्याख्याच केली आहे, आणि आपल्या लेखात तिचा उल्लेखही नव्हता. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यात प्रसार करणे म्हणजे अशा प्रथांबद्दल जाहिरात, साहित्य, लेख किंवा पुस्तक प्रसिद्ध करणे, आणि शिवाय प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत, चिथावणी, सहभाग किंवा सहकार्य. घटनेतल्या प्रसारात बोलणे आहे. इथे मांत्रिकासाठी मंडप भाड्याने देणाराही सापडू शकतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गंमत अशी की हाच कायदा पुढे प्रसाराला संरक्षणही देतो. वारी, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन आणि त्यांचा प्रसार याच्या बाहेर ठेवले आहेत, आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयी सांगणे, छापणेही. मात्र हयात माणसाने चमत्कार दाखवून पैसा कमावणे आणि त्याचा प्रसार करून लोकांना फसवणे हे अनुसूचीत गुन्हा म्हणून आहे. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली हे कीर्तनात सांगायला हरकत नाही. अमुक महाराज उद्या ठाण्यात भिंत चालवणार, तिकीट पाचशे, हे छापले की छापणाराही जबाबदार. वृत्तपत्रांच्या जाहिरात विभागांनी हा फरक तरी मुखोद्गत करावा.

आता ते ‘प्रचार साहित्य’. ज्या कायद्यातून ती बातमी आली तो २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. त्यातल्या ‘प्रॉपगेटिंग मटेरियल’ या इंग्रजी शब्दांचा अर्थ आहे, ज्यापासून पुन्हा पूर्ण झाड उगवू शकते असा झाडाचा कोणताही भाग, पेरायचे बी धरून. मराठीत याला एकच सुटसुटीत शब्द आहे: बेणे. उसाची कांडी बेणे, हळदीचा गड्डा बेणे, आल्याचा कंद बेणे. केळीचे मुनवे आणि आंब्याची काडी यांनाही त्यात घेता येते. (पश्चिम महाराष्ट्रात कोणी ‘काय बेणं आहे!’ म्हणाले तर ते वनस्पतीविषयी नसते, हे वेगळे.) त्या कायद्यानुसार नोंदणीकृत वाणाचे बेणे विकताना ते कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न देईल हे पैदासकाराने सांगायचे आहे. तेवढे उत्पन्न आले नाही तर शेतकरी त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. ही तरतूद कलम ३९ मध्ये आहे, आणि तिच्याशेजारीच शेतकऱ्याचा जुना हक्कही शाबूत ठेवला आहे. संरक्षित वाणाचेही बी तो साठवू, पेरू, पुन्हा पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. फक्त त्या वाणाच्या नावाचे वेष्टन लावून ब्रँड म्हणून विकू शकत नाही. संरक्षणाची मुदत झाडे आणि वेलींना १८ वर्षे, इतर पिकांना १५. ‘प्रचार साहित्य’ असे छापल्यावर यातले काय शेतकऱ्याच्या हाती लागते?

बेणे आणि बी यांत फरक काय हे हापूसइतके दुसरे कोणी शिकवत नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला असतो, त्यामुळे हापूसची कोय लावून हापूस येत नाही. येतो तो रायवळ, गोड की आंबट हे दैवावर. म्हणून कोय कलम. जून-जुलैत ताज्या रायवळ कोयी तीन-चार आठवड्यांच्या आत गादीवाफ्यावर पेरतात. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या कोयी आधीच बाजूला काढायच्या. रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस असताना ते कोयीसकट उपटतात आणि कोयीच्या वर सहा ते आठ सेंटिमीटरवर शेंडा छाटतात. मधोमध चार-पाच सेंटिमीटरचा उभा काप देतात. हापूसची काडी तीन-चार महिन्यांची, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब, डोळा फुगलेला पण न उमललेला अशी लागते. तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली असतात, म्हणजे डोळ्यात रस साठतो. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पाचर तासून ती कापात बसवायची आणि दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची.

फसते ते तीन-चार कारणांनी. पाचरीची बाजू सपाट न तासता गोल झाली तर मध्ये हवा राहते. काडी रोपापेक्षा जाड असेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडायला हवी. मधोमध बसवली की दोन्हीकडे नुसते लाकूड लाकडाला टेकते, आणि सांधा धरत नाही. रोपाची पाने हिरवी होईपर्यंत थांबले तर खोड निबर होते. कलम लावलेल्या पिशवीत पाणी जास्त झाले तर सांध्याजवळ बुरशी येते. म्हणून काड्या आणि कोयी लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवून घेतात आणि सांधा मातीच्या वर ठेवतात. तीन आठवड्यांत डोळा फुटतो. पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडायची विसरली तर तीच सांध्याला फास लावते. आणि सांध्याखालून फुटवा आला तर तो तत्काळ मोडावा, नाहीतर पैसे हापूसचे दिले आणि वाढला रायवळ. रोपवाटिकेत कलम घेताना म्हणूनच आधी सांधा पाहावा, मग पाने. पावती आणि मातृवृक्षाची माहितीही मागावी. फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे, तो वाचकांच्या कामाचा.

कलमाने झाड तेच राहते, पण नाव राहीलच असे नाही. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांना आहे. देवगडची काडी कर्नाटकात बांधली तर झाड रेषेनरेष तेच, पण त्या मानांकनाखाली ते फळ विकता येत नाही. कायदा इथे पेशींमागे न जाता मातीमागे जातो.

बाकीचे अर्थ चटकन सांगता येतील. रोगाचा फैलाव होतो, प्रचार नव्हे. हलगर्जीपणे जीवघेणा संसर्ग पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा आहे. ध्वनीचे आणि रेडिओलहरींचे संचरण होते, कार्यक्रमाचे प्रसारण. पुलाच्या खांबातला तडा वाढतो, त्याचा प्रसार नको. खाडीतला कांदळ बी झाडावरच रुजवून वीतभर शेंगेसारखा खाली सोडतो. त्याला कोणी ‘प्रचारक’ म्हणू नये. लावताना त्याचा खालचा तिसरा भाग चिखलात जातो आणि कोंब वर राहतो. हौशी लोक तो उलटा रोवतात, मग भरती त्याला घेऊन जाते. आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल नावाच्या परवान्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत याच शब्दाची व्याख्या आहे. नक्कल करणे, वाटणे, लोकांना उपलब्ध करून देणे हे त्यात येते. आपल्याच संगणकावर प्रोग्रॅम चालवणे येत नाही. म्हणजे संगणकवाल्यांनीही केटोचाच अर्थ घेतला, फांदीला मुळ्या फुटून दुसरे झाड झाले पाहिजे.

तेव्हा दुरुस्ती छापताना तीन ओळी पुरतील. बागकामाच्या मथळ्यात ‘अभिवृद्धी’, किंवा वाचकांना तो जड वाटला तर सरळ ‘रोपे कशी तयार करावीत’. शेतीच्या बातमीत ‘बेणे’. संपादकीय पानावर ‘धर्माचा प्रसार’, आणि धर्मांतर हा शब्द फक्त धर्मांतरासाठी. रविवारच्या छायाचित्राची ओळही बदलावी लागेल. ‘प्रचारासाठी तयार पेरूची फांदी’ असे तिथे छापले आहे. फांदीवरचे प्लॅस्टिक गुटीचे आहे हे बरोबर, पण बारीक, चकचकीत, अरुंद पाने आणि टोकाला काटा पाहता ती फांदी डाळिंबाची आहे.

आपले,
एक विधी-अनुवादक व एक रोपवाटिकाधारक
दादर (पश्चिम), मुंबई